जन्मजात हायपोथायरॉइडिझम: गोळी नियमित, टीएसएच नॉर्मल, तरी उंचीची रेषा खाली का येतेय?

सुमेधा_र

लेक २७ महिन्यांची आहे. जन्मजात हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन जन्मापासूनच कमी. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच (थायरॉइड कमी पडली की तिला हाकायला वाढणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) प्रचंड निघाला. स्कॅन केल्यावर कळलं की थायरॉइड ग्रंथी गळ्यात नाहीच, जिभेच्या मुळाशी एवढीशी आहे. दुसऱ्या आठवड्यात थायरॉक्सिन, म्हणजे तेच थायरॉइडचं हॉर्मोन गोळीतून, सुरू झालं, त्यात आजवर खंड नाही. आत्ताचा टीएसएच २.१, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) नॉर्मलच्या वरच्या अर्ध्यात. चालली वेळेवर, बोलायला लागली तर थांबत नाही. डॉक्टर निर्धास्त आहेत.

माझा जीव मात्र उंचीत अडकलाय. जन्मताना ४८.५ सेंमी, वर्षाची झाली तेव्हा ७२.५, दीड वर्षाला ७८, दोन वर्षांना ८३ आणि परवा ८४.३. डब्ल्यूएचओच्या तक्त्यावर पहिल्या वाढदिवसाला ती १५ आणि ५० पर्सेंटाइलच्या रेषांच्या मधे होती (१५ ची रेषा म्हणजे शंभरातल्या १५ मुली त्याहून बुटक्या), आता १५ च्याही खाली आलीय. शेवटच्या ३ महिन्यांत तर फक्त १.३ सेंमी! असंच चाललं तर वर्षाला ५ सेंमीच होणार.

घरात दोन्हीकडून एकच सूर, "थायरॉइडची मुलं बुटकीच राहतात." डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. पण का करू नको, ते कोणी नीट सांगत नाही. ज्यांची मुलं यातून पुढे गेलीत त्यांनी प्लीज लिहा.

पाऊलखुणा

आमचाही हाच प्रश्न. मुलगा १० महिन्यांचा. येऊन बसलेय धाग्यावर.

निरंजन१४

सुमेधाताई, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याला ग्रंथीच नाही, जन्मापासून गोळी. त्यामुळे हा रस्ता बराचसा पायाखालचा आहे.

बाकीचं नंतर. आधी एवढंच सांगा, दोन वर्षांची ८३ सेंमी ही उंची झोपवून घेतली होती की उभं करून? आणि परवाची?

सुमेधा_र

दोन वर्षांना झोपवून, त्या लाकडी फळीवर. परवा भिंतीला उभं केलं होतं. का हो?

निरंजन१४

तिथेच तुमचे निम्मे सेंटिमीटर गेले.

तेच मूल झोपवून मोजलं की उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त भरतं. डब्ल्यूएचओच्या तक्त्यातसुद्धा दोन वर्षांच्या रेघेवर सगळ्या रेषा अचानक एक छोटी पायरी उतरतात, कारण तिथून पुढचा तक्ता उभ्या उंचीचा आहे. म्हणजे तुमची लेक परवा झोपवून मोजली असती तर ८५ च्या आसपास भरली असती. ३ महिन्यांत २ सेंमी. वर्षाचा हिशोब केला तर ८. या वयाला हे चांगलं आहे.

दुसरं, ३ महिन्यांच्या आकड्याला ४ ने गुणून वर्षाचा वेग काढायचाच नाही. मोजताना अर्धा सेंमी इकडेतिकडे सहज होतो आणि गुणाकारात तो २ सेंमी होऊन बसतो. ६ महिन्यांचं अंतर तरी हवं, वर्षाचं असेल तर उत्तम.

आणि मोजणं म्हणजे काय ते एकदा जवळून बघा. झोपवून मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं दोन्ही हातांनी धरून वरच्या फळीला टेकवायचं, नजर सरळ छताकडे. दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि पावलांचे तळवे खालच्या सरकत्या फळीला काटकोनात लावायचे. बाळ रडतं, पाय आखडतं, एकच पाय सरळ होतो. घाईत एकट्याने घेतलेलं माप असेल तर त्यावर झोप उडवून घेऊ नका. उभं मोजताना टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला, केसांचा बो काढलेला. आमच्याकडे हा बो चांगला १ सेंमीचा होता.

बालवैद्य

निरंजन यांनी मुद्द्याचं सांगितलं. मी लहान मुलांचा डॉक्टर, आता निवृत्त. तपासल्याशिवाय कुणाच्या मुलाबद्दल निकाल देणार नाही, पण "बुटकीच राहतात" या वाक्याचा समाचार घ्यायला हवा.

ते वाक्य एके काळी खरं होतं. नवजात बाळांची तपासणी नव्हती तेव्हा निदान व्हायला काही महिने, कधी वर्षंही जात. चेहरा सुजलेला, जीभ बाहेर, बेंबी फुगलेली, मोठी टाळू आणि घोगरं रडणं हे सगळं दिसेपर्यंत मेंदूचं आणि हाडांचं नुकसान झालेलं असे. १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ द्युसो यांनी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून ही तपासणी करून दाखवली आणि चित्र पालटलं. पहिल्या दोन आठवड्यांत, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन सुरू झालेली आणि ते नीट मिळत राहिलेली मुलं मोठेपणी आपल्या आईबापांना साजेल एवढीच उंच होतात. हे अनेक देशांतून पुन्हापुन्हा दिसून आलंय. घरच्यांच्या डोक्यात जे मूल आहे ते उशिरा निदान झालेलं मूल आहे.

आता यंत्रणा. पोटात असताना बाळाची लांबी थायरॉइडवर फारशी अवलंबून नसते, शिवाय आईचं थोडं थायरॉक्सिन वारेतून पोचत असतं. म्हणून ही बाळं जन्मतः लांबीला नेहमीसारखीच असतात. फरक असला तर हाडांच्या पक्वतेत. गुडघ्याजवळ मांडीच्या हाडाच्या टोकाशी एक छोटं हाडबिंदू पूर्ण दिवसांच्या बाळात बहुधा दिसतं. जन्मतःच्या एक्स-रेत ते नसेल तर पोटातच बरेच दिवस हॉर्मोनची कमतरता होती असं समजतो. जन्मानंतर मात्र गणित बदलतं. हाडांच्या टोकाजवळच्या वाढीच्या पट्टीवर हे हॉर्मोन थेट काम करतं, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन पुरेसं सुटायलाही तेच लागतं. दोन्ही दारं त्याच्याच हातात. ते नसेल तर उंची अक्षरशः थबकते.

सुमेधाताई, तुमची आणि तुमच्या यजमानांची उंची किती?

सुमेधा_र

मी १५२, हे १६६.

बालवैद्य

मुलीसाठी दोघांची बेरीज करून १३ वजा करायचे आणि निम्मं करायचं. मुलगा असता तर १३ मिळवले असते. तुमचं उत्तर १५२.५ येतं. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ सेंमी धरा. तक्त्यावर मोठ्या वयाच्या टोकाला १५२.५ बघा, ते ३ आणि १५ च्या रेषांमध्येच पडतं. लेक आज कुठे आहे? १५ च्या जराशी खाली. ती हरवलेली नाही, आपल्या घराच्या रेषेकडे चाललीय.

पहिली दीड-दोन वर्षं रेषा बदलणं हे निरोगी मुलांतही चालतं. जन्माची लांबी बरीचशी आईच्या पोटातल्या परिस्थितीने ठरते, आईबापांच्या उंचीचा हिशोब नंतर सुरू होतो. उंच आईबापांचं छोटं जन्मलेलं बाळ वर चढतं, बुटक्या आईबापांचं बऱ्यापैकी लांब जन्मलेलं बाळ खाली उतरतं. मी काळजी केव्हा करेन? दोन वर्षांनंतर एकदा रेषा धरल्यावर पुन्हा ती ओलांडून खाली येऊ लागली तर. ढोबळ आकडे लक्षात ठेवा: पहिल्या वर्षी २५ सेंमी, दुसऱ्या वर्षी १० ते १२, तिसऱ्यात ७ ते ९, मग वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६. शाळेतलं मूल वर्षाला ४ पेक्षा कमी वाढत असेल तर टीएसएच कितीही सुंदर असो, शोध घ्यायचा.

तिरकसराव

सगळं मान्य. पण प्रॅक्टिकल बोलू. फ्री टी४ वरच्या अर्ध्यात ठेवतातच ना? मग डोस अजून थोडा वाढवून टीएसएच १ च्या खाली नेला तर वाढीला जोरच मिळेल. माझ्या पुतणीचा डोस वाढवला तर सहा महिन्यांत भराभर उंच झाली. डॉक्टर मंडळी उगाच जपून वागतात असं माझं मत.

निरंजन१४

पुतणीचा टीएसएच डोस वाढवायच्या आधी किती होता? जास्त असेल तर तिला कमी पडत होतं ते मिळालं, म्हणून वाढली. त्यावरून ज्याला पुरेसं मिळतंय त्याला जास्त द्या, असं निघत नाही.

बालवैद्य

तिरकसराव, हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. उगाच जपून वागण्याचा प्रश्नच नाही.

कमी पडणारं थायरॉक्सिन भरून काढलं की उंची सुधारते. पुरेशाच्या वर दिलेलं थायरॉक्सिन वेगळंच काम करतं. त्याने हाडांचं घड्याळ पुढे पळतं. काही महिने मूल झपाट्याने वाढल्यासारखं वाटतं, घरचे खूश होतात, आणि हाताचा एक्स-रे काढला तर हाडांचं वय खऱ्या वयाच्या पुढे गेलेलं असतं. वाढीच्या पट्ट्या लवकर मिटल्या की शेवटची उंची घटते. म्हणजे उंचीसाठी दिलं आणि उंचीच गेली. तान्ह्या बाळात तर कवटीच्या शिवणी वेळेआधी जुळू शकतात, म्हणून दर भेटीत डोक्याचा घेर मोजतात. झोप उडणं, चिडचिड, घाम, पातळ शी, छाती धडधडणं हे वेगळंच.

टीएसएच तळाला गेलेला नको, वर रेंगाळलेलाही नको.

सुमेधा_र

धन्यवाद! आईवडिलांच्या उंचीचं गणित कुणी आधी करून दाखवलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते. पण मग एक विचारते. डोस जवळपास वर्षभर तोच आहे, ३७.५ मायक्रोग्रॅम. वजन मात्र वाढतंय. किलोमागे डोस कमी होतोय ना? वाढ त्यामुळे मंदावत नसेल?

बालवैद्य

चांगला प्रश्न. किलोमागे लागणारं प्रमाण वयाबरोबर उतरतंच. नवजाताला १० ते १५, एक ते पाच वर्षांत साधारण ४ ते ६, मोठेपणी दीडच्या आसपास. जन्मतः साडेतीन किलोच्या बाळाला ३७.५ ची गोळी लागते आणि तेच मूल दहा किलोचं झालं तरी कधीकधी तीच पुरते. ते मूल त्या डोसमध्ये हळूहळू मावत जातं. तो पुरतोय की नाही हे वजनाचा काटा सांगत नाही, रक्त सांगतं. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत: पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत दर २ ते ४ महिन्यांनी, पुढे वाढ संपेपर्यंत ३ ते १२ महिन्यांनी. डोस बदलला तर ४ ते ६ आठवड्यांनी. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे आठ दिवसांत पुन्हा रक्त तपासून काही कळत नाही.

पाऊलखुणा

आमचा तर वजनाने मस्त आहे, ९० पर्सेंटाइलच्या वर. गुटगुटीत. त्यामुळे वाढीची चिंता नाही, बरोबर ना?

बालवैद्य

ताई, बाळसं बघून समाधान मानू नका. मूल नीट खात-पीत नसेल तर आधी वजन घसरतं, उंची नंतर. हॉर्मोन कमी पडलं तर नेमकं उलटं होतं. उंची थांबते आणि वजन जिथल्या तिथे राहतं किंवा वाढतं. गुटगुटीत आणि बुटकं होत चाललेलं मूल दिसलं की मी आधी थायरॉइड तपासायचो. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघा. वजनाबरोबर लांबीही वाढत असेल तर छानच.

मृण्मयी_जोशीण

थोडं वेगळं लिहिते, कारण इथे सगळे दुसऱ्या आठवड्यातले आहेत.

माझ्या लेकीचं निदान १४ व्या महिन्यात झालं. जिथे जन्मली तिथे टाचेची तपासणी झालीच नव्हती. बद्धकोष्ठ, सतत झोप, हाक मारली तरी हळू बघणं, सगळे म्हणायचे "किती शहाणं बाळ, त्रासच नाही." वाढ अडकलेली. गोळी सुरू झाल्यावर जे बघितलं ते विसरणं शक्य नाही. पहिल्या महिन्यातच शी मोकळी झाली, आवाज बदलला, चेहऱ्यावरची सूज उतरली. मग उंची धावायला लागली. दर भेटीत रेषा वर. दात पण एकापाठोपाठ एक.

आज ती ९ वर्षांची आहे आणि उंचीने वर्गात मधल्या रांगेत. शिकण्यात मात्र तिला मदत लागते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उंचीचं नुकसान बरंचसं भरून येतं, मेंदूचं तितकं येत नाही. म्हणून "उंची किती" याच एका गोष्टीत गुंतलेल्या पालकांना सांगावंसं वाटतं, त्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली हेच तुमचं मोठं नशीब. रागावू नका हं सुमेधा.

सुमेधा_र

रागावू कशी? लिहिलंत ते बरं केलंत.

बालवैद्य

मृण्मयीताईंच्या अनुभवाला एक पुस्ती. भरपाईची वाढ जितकी लवकर सुरू होईल तितकी पुरी होते. मोठ्या वयात, वर्षानुवर्षं कमतरता राहून मग उपचार सुरू झाले तर हाडांचं वय उंचीपेक्षा वेगाने पुढे येतं आणि काही सेंटिमीटर कायमचे जातात.

निरंजन१४

आता गोळीबद्दल, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

आमची पद्धत: गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून भुकटी करायची, त्यात एखादा चमचा पाणी किंवा आईचं दूध, लगेच पाजायचं. चमच्याला तळाशी पांढरा थर राहतो, त्यात पुन्हा दोन थेंब पाणी फिरवून तोही द्यायचा. हा थर म्हणजे डोसचा चांगला हिस्सा असतो. दुधाच्या बाटलीत टाकायची नाही, बाळाने अर्धी बाटली सोडली की किती गेलं कुणास ठाऊक. भुकटी करून साठवून ठेवायची नाही. लोह, कॅल्शियम आणि सोयाचं दूध यांनी शोषण अडतं, त्यात ४ तासांचं अंतर. सोयाचं दूध सुरू किंवा बंद केलंत तर डॉक्टरांना सांगा. वेळ रोजची एकच.

रक्त तपासायच्या दिवशी गोळी नमुना दिल्यावर. आधी दिली तर फ्री टी४ फुगलेला दिसतो.

तिरकसराव

बरं, डोस वाढवण्याचा मुद्दा मागे घेत नाही पण बाजूला ठेवतो :) एक कोडं सोडवा. पुतणीच्या मागच्या रिपोर्टात फ्री टी४ चांगला भरपूर, आणि टीएसएच पण १८. दोन्ही वर कसे? लॅबची गडबड?

बालवैद्य

लॅबच्या आधी गोळीच्या डबीत बघा. टीएसएच गेल्या कित्येक आठवड्यांची गोष्ट सांगतो, फ्री टी४ गेल्या काही दिवसांची. मधे बऱ्याच गोळ्या चुकल्या आणि तपासणी जवळ आल्यावर आठवडाभर नेमाने दिल्या, तर अस्संच चित्र दिसतं. अगदी लहान बाळात आणखी एक कारण असतं. पहिले काही महिने पिट्युटरी जरा हट्टी असते, फ्री टी४ भरून आला तरी टीएसएच उतरायला वेळ घेते. शाळेतल्या मुलीत मी पहिलंच कारण आधी धरेन. कुणावर आरोप म्हणून नव्हे. आजीला वाटतं आईने दिली, आईला वाटतं आजीने. कॅलेंडरवर फुली मारा, बस.

तिरकसराव

हम्म. मुक्काम दोन घरांत असतो तिचा. विचारतो.

हरिहर_

आमची केस आणखी वेगळी, कुणाला उपयोग होईल म्हणून. मुलाचा टीएसएच कधी वाढलेलाच नव्हता. फक्त टी४ कमी. दोष ग्रंथीत नाही, पिट्युटरीत. टीएसएचवर चालणाऱ्या तपासणीत ही मुलं सापडतच नाहीत. आमचं लक्षात आलं कारण साखर वारंवार उतरायची. आम्हाला डोस टीएसएच बघून नाही, फ्री टी४ बघून ठरवतात. आणि थायरॉक्सिन सुरू करायच्या आधी कॉर्टिसोल (शरीराला ताण सोसायला लागणारं हॉर्मोन) तपासलं होतं, ते कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर बाळ गंभीर होऊ शकतं म्हणे. गोळी नीट चालू असूनही उंची खुंटली, तेव्हा ग्रोथ हॉर्मोनही कमी निघालं. आता त्याची रोज इंजेक्शनं आहेत आणि वाढ मार्गाला लागलीय.

बालवैद्य

अगदी बरोबर. म्हणूनच वर म्हटलं, टीएसएच ठीक म्हणून वाढीकडे डोळेझाक नको. मात्र सुमेधाताई, तुमच्याकडे ग्रंथी जागा चुकलेली आहे. त्यात पिट्युटरी शाबूत असते, हा प्रकार तुमचा नव्हे.

पाऊलखुणा

शेवटचं. आमच्या मुलाची ग्रंथी जागेवर आहे, आकारही नॉर्मल. डॉक्टर म्हणालेत तीन वर्षांनी गोळी थांबवून बघू. थांबवल्यावर उंची अडकणार नाही ना? आणि सुमेधाच्या लेकीची पण थांबवतील का?

बालवैद्य

ग्रंथी जागेवर असेल तर काही मुलांत दोष तात्पुरता असतो. आईच्या अँटिबॉडी, आईला गरोदरपणी चालू असलेली थायरॉइडविरोधी औषधं, आयोडीनची कमतरता किंवा अतिरेक, अशी कारणं. म्हणून तिसऱ्या वर्षानंतर साधारण ४ आठवडे गोळी थांबवून टीएसएच आणि फ्री टी४ बघतात. तोवर मेंदूच्या वाढीचा सर्वांत नाजूक काळ सरलेला असतो, म्हणून तीन वर्षं थांबायचं. एवढ्या अवधीत उंचीला धक्का बसत नाही. टीएसएच चढला तर गोळी परत सुरू आणि बहुधा कायमची. नाही चढला तरी पुढे काही काळ वाढ आणि रक्त दोन्ही तपासत राहायचं, कारण काहींत तो उशिरा चढतो. मनाने मात्र थांबवू नका, डॉक्टरांनी तारीख दिली की मगच.

सुमेधाताईंच्या लेकीसाठी ही चाचणी करायचं कारणच नाही. जिभेच्या मुळाशी असलेली एवढीशी ग्रंथी पुरी पडत नाही. गोळी जन्मभर.

सुमेधा_र

जन्मभर चालेल. पुढची भेट ऑगस्टमध्ये आहे, उभं करून दोनदा मोजायला सांगणार आहे. आणि सासूबाईंना १५२.५ चं गणित मीच करून दाखवते आज.